टेसाची व्हॅन

चहाचं पाणी उकळायला ठेवलं की ग्लेनिस खिडकीच्या कट्ट्यावरची ती छोटी व्हॅन उचलायची, कानाजवळ नेऊन एकदा तिरकी करायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची. आत काहीतरी बारीकसं घरंगळायचं, थांबायचं. मग ती कपाटातून दोन कप काढायची. हे इतकी वर्षं चाललं होतं, की नळाच्या आवाजाइतकंच ते त्या स्वयंपाकघरात मुरून गेलं होतं.

क्लिफर्ड बॅगुलीला तो आवाज खुपायचा. आयुष्यभर जुन्या धातूच्या छोट्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला कुठलाही खडखडाट हा दोषच वाटतो. त्याने मनाशी निदानही करून ठेवलं होतं. उजव्या बाजूच्या पुढच्या खिडकीच्या प्लॅस्टिकचा एक कोपरा तुटलेला होता. तो तुकडा आत पडला असणार. ग्लेनिस रोज सकाळी गाडी हलवून बघते, म्हणजे तिलाही ते टोचतंय, असंच त्याला वाटत आलं होतं. एकदा, बऱ्याच वर्षांपूर्वी, तो म्हणालाही होता, "आत काहीतरी सैल झालंय. उघडून बघू का?"

"राहू दे," ती म्हणाली होती.

याला त्रास कशाला, असा त्याने त्याचा अर्थ लावला. पुढे काही विचारलं नाही. त्या व्हॅनविषयी काही विचारायचं म्हणजे टेसाविषयी बोलणं आलं असतं, आणि टेसाविषयी त्या घरात बोललं जात नसे. ग्लेनिसने सुरुवातीला प्रयत्न केले होते. पण ते नाव निघालं की क्लिफर्डला परसातल्या शेडमध्ये काहीतरी काम आठवायचं. पुढे पुढे ते नाव निघेनासं झालं.

व्हॅन मुळात त्याचीच. त्याच्या लहानपणी वाढदिवसाला मिळालेली, हाताच्या तळव्यात मावणारी पाववाल्याची गाडी: साय रंगाचं अंग, लाल टप, बाजूला बेकरीचं नाव. मोठेपणी तो खरोखरच हॅलम बेकरीची अगदी तशीच व्हॅन चालवू लागला, तेव्हा ही त्याने लेकीला दिली. टेसाने तिची पार रया घालवली होती. टपाचा रंग निम्म्याहून अधिक उडालेला, बाजूची अक्षरं झिजलेली, एक कोपरा चेपलेला. आईच्या नखांचा गुलाबी रंग तिने चाकांना फासला होता. तीन चाकांवर तो अजून टिकून होता, चौथ्यावरचा उडाला असावा. टेसा गेली तेव्हा सहा वर्षांची होती. इस्पितळातून परत आलेल्या पिशवीत कपड्यांखाली ही व्हॅन होती. ग्लेनिसने ती त्याच दिवशी खिडकीत ठेवली.

त्यांच्या लग्नाला या सप्टेंबरात पन्नास वर्षं होत होती.

"सोन्याचं काहीतरी दे," लेन ऑर्टन म्हणाला. हिंकलीच्या सभागृहात जुन्या खेळण्यांचा बाजार भरला होता आणि दोघे नेहमीप्रमाणे शेजारशेजारची टेबलं लावून बसले होते. लेनचं दुकान सुट्या भागांचं: चाकं, टायर, आस, खिडक्यांची प्लॅस्टिकं, अक्षरांचे छाप. त्याच्या मांडीवर कागदात बांधलेला बेकन-पाव होता आणि मिशीला सॉस लागला होता.

"सोनं नको म्हणते. हातात सलतं म्हणे."

"पन्नास वर्षं तू सलतोयस, ते चाललं."

"लेन, मिशी पूस."

"पुसतो. तुझ्या बायकोने तुला अजून खोक्यात भरून इथे विकायला कसं मांडलं नाही, मला कळत नाही. खोक्यावर लिहायचं, खोकं उत्तम, आतला माल वापरलेला."

क्लिफर्ड हसला. मग त्याने लेनच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून चार चाकं निवडली, बेकरीच्या नावाचा एक छाप निवडला आणि पुढच्या खिडक्यांचं प्लॅस्टिक मागितलं. लेनने ते सगळं हातात घेऊन एकदा पाहिलं. असा संच कुठल्या व्हॅनला लागतो हे त्याला ठाऊक होतं, आणि क्लिफर्डच्या घरी तसली व्हॅन कुठे आहे हेही.

"खिडकीतली?" त्याने विचारलं.

"हो."

"तिला विचारलंस?"

"विचारून दिलं तर ती भेट कसली?"

लेनने पाव खाली ठेवला. "हे बघ, मी तुला शहाणपण शिकवणार नाही. पण काही गाड्या खेळून झिजलेल्याच बऱ्या असतात. माझ्याकडे येणारे कितीतरी लोक म्हणतात, हात लावू नकोस, आहे तशीच दे."

"ते गिऱ्हाईक, लेन. ही ग्लेनिस आहे. रोज उचलून बघते ती. आतला तो खडखडाट तिला रोज ऐकावा लागतो. त्या पोरीसाठी मी काही केलं नाही रे. कधीच. आता एवढं तरी नीट करतो."

लेनने चाकांची पुडी बांधली आणि पैसे घेतले नाहीत.

ग्लेनिसची बहीण मेगन वेल्सच्या किनाऱ्यावर लॅन्डुड्नोला राहायची. दरवर्षी उन्हाळा सरताना ग्लेनिस आठवडाभर तिच्याकडे जाई. या वेळी तिला स्टेशनवर सोडून परत येताना क्लिफर्डला आपल्याच हातांची घाई जाणवत होती. त्याने कोटही काढला नाही. खिडकीतून व्हॅन उचलली आणि तो थेट शेडमध्ये गेला.

त्या कामाची त्याला सवय होती, पण इतक्या हळुवारपणे त्याने ते कधी केलं नव्हतं. गाडीचा तळ धातूच्या दोन बारीक खुंट्यांनी बसवलेला असतो. त्या खुंट्यांची डोकी त्याने हातड्रिलने सावकाश उडवली. तळ सुटला. त्याने खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर थोडी लव पडली, एक केस पडला, जुनी धूळ पडली आणि तांदळाच्या दाण्याएवढं पिवळट काहीतरी पडलं, एका टोकाला तपकिरी. पडला एकदाचा तो प्लॅस्टिकचा तुकडा, असं त्याला वाटलं. आपलं निदान बरोबर निघालं, याचं त्याला समाधानही झालं. त्याने ब्रशने गाडीचं पोट साफ केलं, कागदाची घडी करून ती केराच्या बादलीत टाकली आणि हात पुसले.

मग काचेच्या बरणीत रंग काढायचं औषध ओतून त्याने गाडीचं अंग त्यात सोडलं. जुना रंग सुरकुतला, फुगला आणि पापुद्र्यांनी सुटू लागला. साय रंगाखाली कुठे निळ्या मेणखडूचा फराटा होता, टपावर बारीक दातांच्या खुणा होत्या. रंग गेल्यावर त्याही खुणा फिकट झाल्या. उरल्या त्या त्याने पॉलिशच्या कागदाने घासून सपाट केल्या. चेपलेला कोपरा आतून हळूहळू ठोकून सरळ केला. जुनी चाकं काढून ठेवली. तो काही टाकत नसे. जुने भाग एका बिस्किटांच्या डब्यात जात.

पुढचे काही दिवस शेडमध्ये रंगाचा वास होता. थर द्यायचा, सुकवायचा, मंद ओव्हनमध्ये तापवायचा, घासायचा, पुन्हा थर द्यायचा. ग्लेनिस घरी असती तर ओव्हनवरून दोघांत वाद झाला असता. अक्षरांचा छाप कोमट पाण्यात भिजवून त्याने चिमट्याने बाजूला बसवला तेव्हा त्याचा श्वास रोखलेला होता. हॅलम बेकरीची अक्षरंही अशीच वळणदार होती. पहाटेच्या अंधारात ती व्हॅन बाहेर काढताना आपल्याला किती हलकं वाटायचं, हे त्याला आठवलं. टेसा आजारी होती त्या वर्षात तो कामावर लवकर जाई आणि उशिरा येई. बेकरीत कोणी रजेवर असेल तर त्याचीही फेरी मागून घेई. इस्पितळात ग्लेनिस बसायची. घरात पैसा लागतो, असं तो सगळ्यांना सांगे, आणि कोणी ते खोटं पाडलं नाही.

शेवटी त्याने तळ बारीक स्क्रूंनी पुन्हा बसवला आणि सवयीने तळाच्या आतल्या बाजूला सुईने एक बारीक खूण कोरली. दुरुस्त केलेल्या प्रत्येक गाडीवर तो ती कोरायचा. पुन्हा रंगवलेली गाडी कोणी मूळची म्हणून विकू नये, यासाठी. मग त्याने व्हॅन कानाजवळ धरून तिरकी केली. काही नाही. घट्ट, मुकी, निर्दोष गाडी.

गुरुवारी कचऱ्याची गाडी येऊन गेली.

लग्नाचा वाढदिवस रविवारी होता. ग्लेनिस शुक्रवारीच परतली, पण त्याआधी त्याने खिडकीत फुलांची कुंडी ठेवून जागा झाकली होती.

"व्हॅन कुठंय?" आल्या आल्या तिने विचारलं. अजून कोटाची बटणंही काढली नव्हती.

"रविवारपर्यंत थांब."

"क्लिफ, कुठंय?"

"सुरक्षित आहे गं. तू बस. मेगन कशी आहे?"

ती बसली, पण मेगनविषयी तिने काही सांगितलं नाही. शनिवारी सकाळी पाणी उकळायला ठेवून ती खिडकीपाशी नुसतीच उभी होती.

रविवारी जेवणानंतर त्याने तिच्यापुढे खोकं ठेवलं. खोकंही त्याने स्वतः केलं होतं, जुन्या धाटणीचं, पिवळं, बाजूला गाडीचं चित्र. लेन आणि त्याची बायको संध्याकाळी केक घेऊन येणार होते. दुपार दोघांचीच होती. ग्लेनिसने झाकण उघडलं. आत व्हॅन होती, ती कारखान्यातून निघाली त्या दिवशी असेल तशी.

क्लिफर्ड तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिने व्हॅन दोन बोटांनी बाहेर काढली, आपली नसलेली वस्तू धरतात तशी. कानाजवळ नेली. तिरकी केली. मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली.

"आवाज?" ती म्हणाली.

"गेला. खिडकीचा तुकडा होता आत, तुटलेला. तुला रोज त्रास व्हायचा ना."

"तुकडा."

"हो, बारीकसा, पिवळा पडलेला. नवं प्लॅस्टिक बसवलंय मी, बघ, दोन्ही बाजूंना."

"तो कुठे ठेवलास?"

"काय?"

"क्लिफ, जे आत होतं ते कुठे ठेवलंस?"

तिचा आवाज चढला नाही. पण त्यात असं काहीतरी होतं की क्लिफर्ड उठून उभा राहिला. "केरात टाकलं," तो म्हणाला. "गुरुवारी गेलं. का? काय होतं ते?"

ग्लेनिसने व्हॅन टेबलावर ठेवली. "दात होता," ती म्हणाली. "टेसाचा."

तो शेडमध्ये गेला. बादली रिकामी आहे हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याने ती उलटी करून झटकली. गुडघ्यांवर बसून बाकाखालची जमीन हातांनी चाचपली. फटींतली धूळ सुरीच्या टोकाने उकरून कागदावर घेतली आणि चष्मा लावून कण न् कण पाहिला. रंगाचे पापुद्रे होते, धातूचा चुरा होता. दात नव्हता. आणि आपण तो पाहिला होता, हे त्याला आता लख्ख दिसत होतं. तपकिरी टोक पाहिलं होतं. प्लॅस्टिकला असं टोक नसतं. ज्या माणसाला खोटं चाक हातभरावरून ओळखता येतं, त्याने आपल्या लेकीचा दात कागदात गुंडाळून फेकला होता, कारण तिथे दुसरं काहीतरी असणार हे त्याने आधीच ठरवलं होतं.

संध्याकाळी लेन आला तो शेडमध्येच. क्लिफ शेडमध्ये आहे, एवढंच ग्लेनिसने दार उघडून त्याला सांगितलं होतं. त्याची बायको आत तिच्यापाशी थांबली. क्लिफर्डने काय झालं ते सांगितलं, तेव्हा लेन उलट्या बादलीवर बसला आणि हातातली केकची पेटी कुठे ठेवावी ते त्याला कळेना.

"दुसरं काही टाकून बघ की," तो शेवटी म्हणाला. "तेवढंच. तसलाच आवाज येईल असं. तिला..." आपण काय बोलतोय हे त्याच्या ध्यानात आलं. "माफ कर. मूर्ख आहे मी."

पण दुसऱ्या दिवशी ग्लेनिस दुकानात गेली असताना क्लिफर्डने तेच केलं. तळ सोडवला. तांदळाचा दाणा टाकून व्हॅन हलवली. आवाज पोचट होता. डाळीचा दाणा जास्तच गोल, फार पळणारा. फुटक्या कपाची कपची घासून त्या आकाराची केली; ती फार टणक वाजली. त्याला आश्चर्य वाटलं ते याचं, की खरा आवाज आपल्याला इतका नेमका पाठ आहे. घरंगळणं, मध्ये जराशी अडखळ, मग एका कडेला टेकणं. जो नकोसा वाटत होता तो आवाज त्याने रोज पूर्ण ऐकला होता. तो पुन्हा करता मात्र येत नव्हता.

दार वाजलं नाही. ग्लेनिस आधीच उंबऱ्यात उभी होती. बाकावर तांदूळ, डाळ आणि कपच्या पसरल्या होत्या. तिने त्या पाहिल्या.

"मला देणार होतास?"

"नाही," तो म्हणाला. मग खरं बोलला, "माहीत नाही."

ती आत आली. या शेडमध्ये ती फारशी येत नसे. क्लिफर्डने खालून बिस्किटांचा डबा काढला, शोधून चार जुनी चाकं तिच्या तळव्यावर ठेवली. "एवढं आहे," तो म्हणाला. "हे टाकलं नव्हतं. तीनवर रंग आहे. एकावरचा उडालाय."

"उडाला नाही. लावलाच नव्हता," ती म्हणाली. "तीन चाकं रंगवून झाली आणि नर्स सुई घेऊन आली. पोरगी म्हणाली, नंतर लावू. नंतर तिला हात उचलवेना."

क्लिफर्ड बाकाची कड धरून उभा राहिला. बाहेर पडावं, असं त्याच्या पायांना वाटत होतं. ती जुनी सवय होती. पण आता जायला जागा नव्हती, कारण तो नेहमी पळून यायचा ती जागा हीच होती.

"दाताचं सांग," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

"सकाळी पडला. टोस्ट खाताना. हातात घेऊन नाचवत होती. मी म्हटलं, उशीखाली ठेव, रात्री परी येईल, दात नेईल आणि नाणं ठेवेल. तर म्हणते, परीला इथलं माहीत नाही, ती आपल्या घरी शोधत बसेल." ग्लेनिसने चाकं मुठीत घेतली. "मग त्या खिडकीच्या फटीतून दाबून दाबून आत सारला. म्हणाली, बाबांच्या व्हॅनमध्ये ठेवलाय. बाबा सगळीकडे पाव पोचवतात, त्यांना परीचं घर माहीत असेल. आले की सांगू."

"आणि मी आलो?"

"आलास. रात्री, ती झोपल्यावर. दारातच उभा राहिलास, टोपी हातात धरून. पुढच्या आठवड्यात..."

"मला सांगायचंस, ग्लेनिस."

"सांगायला आले होते. इथेच, या दारात. तू म्हणालास, आत्ता नको, रंग ओला आहे."

त्याला ते आठवत नव्हतं. कुठल्या गाडीचा रंग ओला होता, तेही आठवत नव्हतं.

"आणखी काय म्हणाली ती?" त्याने विचारलं. "अजून सांग."

ग्लेनिसने मान हलवली. "नाही. बाकीचं नको मागूस. माझ्याकडे आता तेवढंच आहे." ती रागाने बोलली नव्हती. बाकावरची उघडी व्हॅन तिने उचलली, फुंकर मारून आतली धूळ उडवली आणि त्याच्या हातात दिली. "बंद कर ही. रिकामीच."

त्याने ती रिकामी बंद केली. संध्याकाळी बैठकीच्या खोलीतल्या त्याच्या काचेच्या कपाटात, नव्याने रंगवलेल्या दुधाच्या, टपालाच्या आणि आइस्क्रीमच्या व्हॅनांच्या रांगेत ती उभी होती. तिथे ती ग्लेनिसनेच ठेवली होती, इतर गाड्या जरा सरकवून, काळजीपूर्वक. कोणी पाहुणा आला असता तर त्याला ती रांगेतली सगळ्यात सुबक गाडी वाटली असती.

खिडकीच्या कट्ट्यावर आता एका बशीत चार चाकं होती.

सकाळी क्लिफर्ड खाली आला तेव्हा पाणी उकळायला लागलं होतं. ग्लेनिसची त्याच्याकडे पाठ होती. तिचा हात खिडकीकडे गेला, बशीवर क्षणभर थांबला, आणि काही न उचलता मागे आला. मग तिने कपाटातून दोन कप काढले.